राखणदाराची बाटली

कोल्ह्याला द्राक्षं आंबट असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने कोरगावचे कोल्हे पाहिले नसावेत. सिद्धीच्या वेलींचं पहिल्या वर्षीचं सगळं पीक त्यांनी दोन दिवसांत फस्त केलं आणि आंबटपणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. सकाळी वेलींखाली नुसते देठ उरले होते. सिद्धी ते देठ गोळा करून तराजूत घालत बसली, तेव्हा तिचे वडील गोकुळदास बांधावर उभे राहून म्हणाले, "आता काय देठांची वायन करतलंस?"

"कोल्ले खातत म्हणजे साकर बरी भरता, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "ही पण नोंदच." आणि तिने ती वहीत लिहिलीसुद्धा.

कवठणकरांचं घर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या काजूचं घर. डोंगराच्या उतरणीला त्यांची भट्टी. मार्च लागला की काजूची बोंडं गोळा करायची, दगडात कोरलेल्या कुंडीत, तिला कोळंबी म्हणतात, पायांनी तुडवायची, रस तीन दिवस आंबू द्यायचा आणि तांब्याच्या भाणात ओतून खाली जाळ करायचा. पहिल्यांदा उतरते ती हुर्राक, तीच पुन्हा काढली की फेणी. अशा घरातली मुलगी द्राक्षं पिकवण्याचं आणि वाइन करण्याचं एम.एस्सी. शिकायला नाशिकला निघाली, तेव्हा गावाने तोंडसुख घेतलं नसतं तरच नवल. काखेत कळसा नि गावाला वळसा, हे तिने इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी समोरच्याने 'काखेत' म्हटलं की 'वळसा' ती स्वतःच म्हणून टाकायची. तिची मावशी तर सरळच म्हणाली, "सोरो पिवपाक डिग्री लागना, करपाक कशाक लागता?" सोरो म्हणजे दारू, मग ती कुठलीही.

नाशिकला वेगळंच. तिथे तिला फेणीवरून कोणी चिडवलं नाही, तिथे हसले ते द्राक्षांवरून. शोधनिबंधाचा विषय ठरवायच्या दिवशी तिने लिहून दिलं होतं: पेडणे तालुक्यातल्या जांभ्या मातीत वाइनच्या द्राक्षांची लागवड. तिचे मार्गदर्शक मधुकर सर भले माणूस, पण भल्या माणसांना दुसऱ्याचा वेळ वाया गेलेला बघवत नाही.

"सिद्धी, समुद्र तुझ्या घरापासून किती लांब?" त्यांनी विचारलं.

"दहा-बारा किलोमीटर, सर."

"मग? त्या दमट हवेत केवडा येईल, भुरी येईल, घड सडतील. इथे चांगल्या बागा आहेत. सगळे इथलीच द्राक्षं घेतात, तूही घे. गोव्यात हे अशक्य आहे."

केवडा आणि भुरी हे द्राक्षाचे दोन जुने रोग, दोन्ही दमट हवेचे सोबती. सिद्धीला ते पाठ होते. ती म्हणाली, "वेली लावून झाल्यात, सर. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षीच लावल्या. चौसष्ट आहेत."

मधुकर सरांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. पण एक लक्षात ठेव. नुसते आकडे घेऊन तोंडी परीक्षेला येऊ नकोस. टेबलावर बाटली पाहिजे. तिथल्या द्राक्षांची, तू केलेली. बाटली नसेल तर मी सही करणार नाही आणि तुझं वर्ष जाईल."

"बाटली आणीन," ती म्हणाली.

तर हे असं होतं. एक बाटली. जगात लोक हजार बाटल्या करतात आणि विकतात, हिला एक पाहिजे होती.

दुसऱ्या वर्षी तिने ऑक्टोबरची छाटणी मुद्दाम नोव्हेंबरवर ढकलली, म्हणजे घड फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात पिकतील. वेलींना काजूच्या झाडांच्या वरच्या बाजूला, वारा खेळतो तिथे ताणलं. पानं इतकी विरळ केली की बघणाऱ्याला वेल आजारी वाटावी. कोल्ह्यांसाठी काट्यांचं कुंपण घातलं आणि वरून भिकाजीचा कुत्रा बांधला. भिकाजी हा दोडामार्गकडचा, वीस वर्षं त्यांच्या भट्टीचा जाळ सांभाळणारा. कुत्रा द्यायला त्याची ना नव्हती, पण द्राक्षं राखायला कुत्रा दिला हे गावात कुणाला सांगू नको म्हणाला.

फेब्रुवारीच्या शेवटी नव्वद किलो द्राक्षं उतरली. काळीभोर, सालीला जाड, शिराज जातीची. सिद्धीने ती हाताने निवडली, चेचली, सालीसकट आंबवली, दहाव्या दिवशी गाळली आणि घरामागच्या थंड खोलीत दोन पिंपांत भरली. पिंपाच्या झाकणाला वाकडी काचेची नळी, नळीत थोडं पाणी. आतला वायू त्यातून बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत जाऊ शकत नाही.

गोकुळदासांना त्या नळीचा लळा लागला. भट्टीवरून जेवायला आले की आधी त्या खोलीत डोकवायचे, पाटावर बसून दोन मिनिटं ऐकायचे आणि बायकोला सांगायचे, "देवकी, रोस उलयता गे." काजूच्या रसाचंही ते असंच ऐकत आले होते. जोवर बोलतो तोवर राहू द्यावा.

मार्चच्या मध्यावर सिद्धीला लेखी पेपरांसाठी चार दिवस नाशिकला जावं लागलं. जाताना तिने दोन्ही पिंपांवर कागद चिकटवला, 'हात लावू नये', आणि बापाला दोनदा सांगितलं, "बुडबुडे थांबले की माका फोन करा. लगेच."

"करतां गे," ते म्हणाले.

पाचव्या दिवशी ती बसमधून उतरून पायवाट चढू लागली आणि अर्ध्यावरच तिला वास आला. भट्टीचा वास तिला जन्मापासून ठाऊक होता, पण हा काजूचा नव्हता. यात मिरी होती, शिजलेली साल होती. तिने बॅग तिथेच टाकली आणि धावत सुटली.

भट्टीपाशी भिकाजी हसत उभा. "गे बाय, तुजी कसली उतरली सांगू! अशी धार मिया वीस वर्सांत बघूक नाय!"

आणि त्याच्यामागे गोकुळदास. दोन्ही हातांत दोन बाटल्या, पाण्यासारख्या स्वच्छ. सणाला मुलीला नवं कापड देताना बापाचा चेहरा असतो, तसा त्यांचा चेहरा.

"तुका सात फोन केलंय," ते म्हणाले. "उचलूक नाय. बुडबुडे थांबले, रोस गप्प झालो. गप्प रोस ठेवलो तर दुसऱ्या दिसा आंबट विनाग्र. तुजी दोन वर्सांची म्हेनत फुकट वचतली म्हणून भाण घासून पुसून पयलो तुजोच घातलो. काजीचो मागीर. हात लावूक नाय हां, नळीनच काडलो."

सात फोन आले तेव्हा ती पेपर लिहीत होती, आणि परीक्षेपुरता बंद ठेवलेला फोन तिने अजून चालूच केला नव्हता. पेपरात प्रश्न होता: किण्वन थांबल्यानंतर वाइनची काळजी कशी घ्यावी. तिने उत्तर लिहिलं होतं, थांबावं. बुडबुडे थांबले की वाइन जन्माला येते. पण भट्टीवाल्याला शंभर वर्षं एकच ठाऊक, बुडबुडे थांबले की जाळ. बापाने गुन्हा केला नव्हता, जिवापाड जपलं होतं, आणि जपता जपता तिचा सगळा शोधनिबंध भाणात घालून उकळला होता. ओरडायला सुद्धा जागा नव्हती. तिला हसायला आलं, मग रडायला आलं, मग असा राग आला की कानशिलं गरम झाली.

"सगळो?" तिने विचारलं.

गोकुळदासांना आता कुठे तिचा चेहरा दिसला. त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या.

उत्तर दिलं देवकीने, दारातून, पदराला हात पुसत. "राखणदाराक काडलो तितको सोडून."

कवठणकरांच्या भट्टीची एक रीत होती. भाणात नवा रस घालायच्या आधी त्यातली एक बाटली डोंगराच्या राखणदाराची, डोंगर राखणाऱ्या देवाची. वरच्या कुंभ्याच्या झाडाखाली त्याचा चिरा आहे, त्याच्या पायथ्याशी ती बूच मारून ठेवायची. मे संपताना भट्टी विझवतात, त्या दिवशी सगळ्यांनी जमून ती चिऱ्यावर ओतायची, पाव आणि विडी ठेवायची आणि मग घरी जायचं. तोवर त्या बाटलीला कुणी शिवत नाही. राखणदाराला अर्धी बाटली देत नाहीत, ही आणखी एक रीत.

"काठोकाठ?" सिद्धीने आईला विचारलं.

"बुचाक लागासर. मियाच भरली."

काठोकाठ म्हणजे आत हवा नाही. हवा नाही म्हणजे वाइन जिवंत आहे. नाशिकच्या प्रयोगशाळेत हे शिकवायला त्यांना एक आख्खं व्याख्यान लागलं होतं.

भर दुपार होती. त्या वेळी राखणदार फिरतो म्हणून डोंगरावर चिटपाखरू जात नाही. सिद्धी निघाली. मागून चपलांचा आवाज येत होता, तो बापाचाच असणार हे तिला न बघता कळलं. कुंभ्याखाली पोचली तेव्हा बाटली तिथेच होती, गळ्याशी केळीच्या पानाची दोरी, आत काळसर लाल. ती वाकली.

"बाये, दिल्लें परत घेव नये." गोकुळदास धापा टाकत उभे होते. "माज्या आज्यान घेवक नाय, बापायन घेवक नाय. दुष्काळात सुद्दां घेवक नाय."

"तुमी दिल्लें खरें. पण कोणाचें दिल्लें?" सिद्धी वळली. "तुमी देवाक माजें दिल्यात, बाबा. माका विचारलात?"

कवठणकरांच्या घरात हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. रस बापाचा, भट्टी बापाची, देणं बापाने द्यायचं. या घरात मुलीचाही रस असू शकतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"राखणदार खवळलो तर?" गोकुळदास म्हणाले.

"माज्या नावार खवळूंदी. तेका सांगतां मिया." ती चिऱ्याकडे वळून मोठ्याने बोलली, शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं. "आयकलंस? ही माजी. कोणी चोरूक नाय, मियाच न्हेतां, उजवाडात न्हेतां. परीक्षा झाली की परत हाडून दितलंय. आनी खवळपाचें आसल्यार माजेर खवळ, ह्या माणसार न्हय."

बाटली उचलून ती बापाच्या अंगावरूनच खाली उतरली. ते बाजूला सरले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती बाटली नाशिकला निघाली, कॉलेजच्या पत्रासह आणि देवकीच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर पोलिसाने पत्र दोनदा वाचलं आणि एका बाटलीसाठी एवढं पत्र आपण पाहिलं नाही म्हणाला. गोकुळदास तिला सोडायला आले नाहीत. त्यांनी मुलीशी बोलणंच टाकलं.

आणि चार दिवसांनी भाणाला चीर गेली. जाळावरच, भरल्या भाणाला. झालं, गावाला तेवढंच निमित्त हवं होतं. राखणदाराचं पोरीने पळवलं, बापाच्या भाणावर निघालं. भट्टीवर येणारा जाणारा चीर बघून मान हलवायचा. देवकीने फोनवर सांगितलं तेव्हा सिद्धीही दचकली, नाही असं नाही. पण ती म्हणाली, "आई, भाण बावीस वर्सांचें. तळ तीनदां जोडलो. राखणदाराक कामां नाय काय?" फोन ठेवल्यावर मात्र ती शीतगृहात जाऊन बाटली जागेवर आहे ना, हे बघून आली.

तोंडी परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात झाली. टेबलाच्या पलीकडे मधुकर सर आणि बाहेरून आलेले दोन परीक्षक. त्यातले वयस्क जे होते, त्यांनी आकडे चाळले, छाटणीच्या तारखा बघितल्या, कोल्ह्यांची नोंद वाचून भुवई उंचावली आणि मग बाटलीकडे बोट केलं.

"उरलेली कुठंय?"

सिद्धीने सांगितलं. सगळं सांगितलं, सात फोन, भाण, राखणदार. धाकटे परीक्षक हसायला लागले ते थांबेनात. मधुकर सरही हसले.

"हसू नका, सर," ती म्हणाली. घरी बापाशी भांडून आलेल्या मुलीचा आवाज इथे बापासाठी चढला. "माझ्या वडिलांना रस कळत नाही असं समजू नका. वास घेऊन तो नासायच्या कुठल्या दिवशी आलाय ते सांगतात ते. आपण यंत्र लावून सांगतो. त्यांनी स्वतःचा काजूचा रस मागे ठेवून माझा आधी वाचवला. त्यांच्या पद्धतीने वाचवला."

बूच निघालं. वयस्क परीक्षकांनी पेला उजेडात धरला, फिरवला, नाक घातलं, घोट घेतला, थांबले, पुन्हा घेतला. वाइन काही थोर नव्हती. कोवळी होती, तुरट होती, जिभेला ओढत होती.

"उन्हात राहिली होती का?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवस. देवापाशी."

त्यांनी पेला खाली ठेवला नाही. "मिरी आहे. आणि मागे काहीतरी तापल्या दगडासारखं. हे इकडच्या शिराजमध्ये मला भेटलेलं नाही." मग ते परीक्षकाच्या आवाजात परत आले. "पण एका बाटलीने काही सिद्ध होत नाही, हे मान्य आहे ना तुला?"

"मान्य आहे. सिद्ध होत नाही." सिद्धीने मधुकर सरांकडे पाहिलं. "पण अशक्य आहे हे तर खोटं ठरलं ना? तेवढंच लिहा."

मधुकर सरांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही. पेन घेतलं आणि सही केली.

धाकट्या परीक्षकांना उरलेली बाटली विभागाच्या कपाटात ठेवायची होती. पहिली गोव्याची म्हणून, चिठ्ठी लावून. सिद्धीने ती त्यांच्या हातातून घेतली. "ही माझी नाही, सर. परत द्यायची आहे." प्रयोगशाळेत जाऊन तिने एक छोटी बाटली शोधली आणि उरलेली वाइन तीत ओतली, बुचाला लागेपर्यंत. अर्धी देत नाहीत.

मे संपताना भट्टी विझली. कुंभ्याखाली घरातले, भट्टीवरचे, वाडीतले मिळून पंधरावीस जण जमले. गोकुळदासांनी चिऱ्याला पाणी घातलं, फूल ठेवलं, पाव मोडून ठेवला, विडी पेटवून ठेवली. काजूची बाटली ओतली. लेकीकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. परीक्षा पास झाल्याचं तिने त्यांना देवकीच्या तोंडून कळवलं होतं आणि त्यांनी ते देवकीच्याच तोंडून ऐकलं होतं.

सिद्धी पुढे झाली. पिशवीतून छोटी बाटली काढली.

"थांब गे." वाडीतले सगळ्यांत वयस्क नारायण हात वर करून उभे राहिले. "ही तीच न्हय गे? परीक्षेक फोडली, लोकांनी चाखली. उश्टें देवाक? एकदां घेतलंस ती चूक. आतां उश्टें दितलंस ती दुसरी. भाण फुटलें, आनी काय फुटपाक जाय तुका?"

भिकाजी जमिनीकडे बघत होता. सिद्धीच्या जिभेवर उत्तर तयार होतं, बावीस वर्षांच्या भाणाचं, तीन जोडांचं, सगळं तयार होतं. ती तोंड उघडणार तोच गोकुळदासांनी तिच्या हातातली बाटली घेतली.

त्यांनी बूच काढलं. देवकीकडे हात केला. तिने पाण्यासाठी आणलेला पेला पुढे केला, त्यात त्यांनी बोटभर वाइन ओतली. नारायण "अरे, अरे" म्हणेपर्यंत ती तोंडाला लावली.

साठ वर्षं ज्याने हुर्राक आणि फेणी नाकाने ओळखली, तो माणूस तो एक घोट तोंडात धरून उभा होता. गिळला. मग त्याने वर, काजूंच्या पलीकडे ताणलेल्या चौसष्ट वेलींकडे पाहिलं.

"नारायणदादा, आतां माजें पण उश्टें झालें," गोकुळदास म्हणाले. "राखणदाराक चलना जाल्यार तो माका सांगतलो."

ते चिऱ्यापाशी वाकले, बाटली उलटी केली आणि थेंब संपेपर्यंत धरून ठेवली. लाल वाइन काळ्या चिऱ्यावरून पावाच्या तुकड्यापर्यंत वाहत आली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते लेकीकडे वळले.

"सिद्धी," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हें भट्टीत घालपाचें नव्हतें."